मोरसला जायची तयारी

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे डून लेरीला आले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी जेवणं लवकर उरकून बाबा आणि मी ईस्ट पिअरवर फिरायला जायचो. ज्यांनी हे गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी हे बंदर आहे आणि त्याचे दगडी धक्के दोन हात पसरल्यासारखे समुद्रात गेलेले आहेत. त्यातला पूर्वेचा धक्का म्हणजे गावकऱ्यांचा जॉगर्स पार्क. पूर्वी इथून वेल्सकडे, म्हणजे समोरच्या होलीहेडला बोटी सुटायच्या. पोटासाठी देश सोडणाऱ्या कितीतरी आयरिश माणसांनी गावाकडे शेवटचं वळून पाहिलं ते या बंदरातून.

त्या दिवशी धक्क्यावरच्या बाकावर एक म्हातारं अमेरिकन जोडपं बसलेलं होतं. बाबांना अनोळखी माणसांशी गप्पा मारायला इंग्रजी आडवं येत नाही. दहा मिनिटांत कळलं की त्या बाईंची पणजी आयर्लंडमधून गेलेली होती आणि त्या तिचं गाव शोधायला आल्या होत्या. 1901 आणि 1911 ची इथली जनगणना नॅशनल आर्काइव्हजने फुकट ऑनलाइन ठेवली आहे, त्यात त्यांना पणजीच्या भावाचं घर सापडलं होतं. बाईंनी फोनवर त्या पानाचा फोटो दाखवला. बाबांनी तो चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला.

परत येताना बाबा म्हणाले, "आपलेही एक गेले होते. मोरसला."

मोरस म्हणजे मॉरिशस. आमच्या आजीच्या तोंडी दुकानातल्या पांढऱ्या साखरेलाही 'मोरस' असंच नाव होतं, कारण एकेकाळी ती तिथूनच यायची. साखरेचा हा अर्थ मला माहीत होता. पण बाबांच्या आजोबांचे एक चुलते राजापूरकडच्या आमच्या वाडीतून निघून मुंबईला गेले, तिथे बोटीत बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत, हे मला चौतिसाव्या वर्षी, आयर्लंडच्या धक्क्यावर कळलं. घरात याच्या दोन कथा आहेत. एक म्हणते ते बोटीतच वारले. दुसरी म्हणते ते तिथे पोचले, संसार केला आणि मागे वळून बघितलं नाही. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे त्यांच्या नावाने पान वाढतात, कारण तिथी कुणालाच माहीत नाही.

बाबांना ती तिथी हवी आहे. बाकी काही नको. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत, गुडघा त्रास देतो, आणि लांबचा प्रवास आता एखादाच होईल हे त्यांनाही माहीत आहे.

म्हणून यंदा आम्ही मॉरिशसला जायचं ठरवलं. पुण्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्याला आईने विचारलं, तर त्याने चार रात्री-पाच दिवसांचं हनिमून पॅकेज पाठवलं. फ्लॉवर डेकोरेशन आणि कँडललाइट डिनरसह! आई ते वाचून इतकी हसली की तिने ते आख्ख्या भावकीच्या ग्रुपवर टाकलं. मग बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी लगेच एक्सेल उघडलं. गेले चार महिने तो तक्ता बदलतोच आहे. आपल्यापैकी कुणी अशा लांबलचक सहलीच्या विचारात असेल तर उपयोग होईल, म्हणून त्यातलं थोडं इथे मांडतो.

पहिला प्रश्न, एवढ्याशा देशात सोळा रात्री करायचं काय? मॉरिशसचं मुख्य बेट साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद. म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्याला पोचलात की देश संपला. क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश. पण नकाशावरचं अंतर आणि रस्त्यावरचा वेळ यांचं तिथे कोकणासारखंच आहे. मध्ये डोंगर, वळणाचे रस्ते, उसाची शेतं आणि गावागावांतून जाणारी वाट. एकाच हॉटेलात राहून रोज बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं तर म्हाताऱ्या माणसांची सहल गाडीतच संपेल. म्हणून चार मुक्काम केले.

दुसरा प्रश्न, कधी? मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि वादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त जपायचे. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखद. सप्टेंबरमध्ये ना घाम, ना कुडकुडणं. फक्त आग्नेयेकडून वारा येतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो आणि पश्चिम किनारा त्या मानाने शांत. आईला पाण्यात पाय बुडवून बसायचंय, मुलीला वाळूत खेळायचंय, म्हणून मोठा मुक्काम पश्चिमेला.

आणि सप्टेंबरमध्येच गणपती येतो. इथे खरी अडचण सुरू झाली.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. जगात भारताबाहेर असं भाग्य गणपतीला क्वचितच मिळालं असेल. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांनी हा सण तिथे नेला. पहिला गणपती 1896 मध्ये हेन्रिएटा भागात एका मराठी कुटुंबाने बसवला, असं तिथली मंडळी सांगतात. तक्ता करताना एक गंमत लक्षात आली. 2024 मध्ये आपल्याकडे चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, तिथली सुट्टी 8 ला. 2025 मध्ये आपल्याकडे 27 ऑगस्ट, तिथे 28. म्हणजे सुट्टी दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दिवशी. आपल्या दीड दिवसाच्या गणपतीचा हिशेब! त्या हिशेबाने यंदा 14 सप्टेंबरला प्रतिष्ठापना आणि 15 ला विसर्जन धरून चाललो आहे.

मला वाटलं, बाबा खूश होतील. फोनवर सांगितलं तर पलीकडे शांतता. मग म्हणाले, "घरचा गणपती सोडून दुसऱ्याचा बघायला जायचं?"

कोकणातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. माणूस दुबईत असो नाहीतर डोंबिवलीत, चतुर्थीला वाडीत पोचतोच. बाबांनी गेली चाळीस वर्षं स्वतः पाट घेऊन चित्रशाळेतून मूर्ती आणली आहे. मी गेली नऊ वर्षं त्यात नाही. ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण मला माहीत आहे. आणि आता मीच त्यांना सांगत होतो की यंदा तुम्हीही नसा.

मी तारखा बदलायला घेतल्या. गणपती झाल्यावर जाऊ, असा दुसरा तक्ता केला. पण तेव्हा पितृपक्ष लागतो. यंदा 27 सप्टेंबरपासून. त्यात आई-बाबा बाहेर पडणार नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी मुलीच्या शाळेला आठवड्याभराची सुट्टी असते, पण सोळा रात्रींना ती पुरत नाही. डिसेंबरमध्ये तिकिटं महाग आणि वादळांचे दिवस. आठ दिवस घरात कुणी विषय काढला नाही.

शेवटी आईने एका वाक्यात निकाल लावला. बाबांना म्हणाली, "दुसऱ्याचा कसा? तुम्ही ज्यांना शोधायला चाललात त्यांच्याच पोराबाळांचा असेल कदाचित."

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या चुलतभावाला फोन केला आणि यंदाचा पाट त्याच्याकडे दिला. मला मात्र एवढंच म्हणाले, "तिकीट काढ. परतायचं मात्र पितृपक्षाच्या आत."

तर आता तक्ता असा आहे. आम्ही तिघं 9 सप्टेंबरला डब्लिनहून दुबईमार्गे निघू आणि 10 ला पोचू. आई-बाबा मुंबईहून थेट विमानाने त्याच दिवशी. परदेशात राहणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. दर वेळी आपण भारतात जायचं किंवा त्यांनी आपल्याकडे यायचं, या दोन टोकांच्या मध्ये भेटण्याजोगी जागा असू शकते. मॉरिशसची वेळ भारताच्या दीड तास मागे आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेच्या तीन तास पुढे. म्हणजे कुणालाच जेटलॅगचा फार त्रास नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवायची तयारी ठेवायची आणि निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेतली आहे, कारण औषधांच्या बाबतीत तिथले कस्टमवाले काटेकोर असतात. माझ्या रजेचे तेरा दिवस जातील. मुलीच्या शाळेचेही तेरा. आयर्लंडमध्ये वर्षाला वीस दिवस गैरहजेरी झाली की शाळेला वर कळवावं लागतं, तेव्हा पुढे तिला सर्दी-पडशाला सात दिवस शिल्लक!

पहिल्या तीन रात्री माएबूरला, विमानतळाजवळच्या जुन्या गावात. प्रवासाचा शीण घालवायचा आणि ईल ओ एग्रेत नावाच्या छोट्या बेटावर जायचं. तिथे गुलाबी कबुतरं आणि मोठाली कासवं जपली आहेत. डोडो पक्षी याच देशातला. सतराव्या शतकात माणसाने त्याला संपवला. मुलीने डोडोबद्दल वाचल्यापासून "आपण गेलो तर एखादा सापडेल का?" हे विचारणं थांबवलेलं नाही. घरात हरवलेल्याचा शोध घेणारे आता दोघं आहेत.

मग सात रात्री पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकला. या बाजूला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, मराठी वस्ती पूर्वीपासून आहे. गणपती इथेच करायचा. इथूनच शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हरचं अभयारण्य आणि ल मोर्नचा डोंगर. 556 मीटरचा हा सुळका. पळून आलेले गुलाम इथल्या कड्या-कपाऱ्यांत लपायचे. 2008 पासून तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. वर चढायचा बेत गुडघ्यामुळे रद्द, खालूनच नमस्कार. गंगा तलाव, म्हणजे ग्रां बासँ, इथून मधल्या पठारावर आहे. तिथे 108 फुटी शंकराची मूर्ती आहे आणि महाशिवरात्रीला लोक गावोगावहून चालत येतात. आईने तिथे पूर्ण दिवस मागितला आहे.

पुढच्या तीन रात्री उत्तरेला ग्रां बे. तिथून पांप्लमूसची बाग, परातीएवढ्या पानांची कमळं आणि साखरेच्या जुन्या कारखान्यातलं संग्रहालय. आजीच्या मोरसचं मूळ तिथे बघायला मिळेल. आणि राजधानी पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट.

या घाटाबद्दल थोडं सांगायला हवं. गुलामगिरी बंद होत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज तिथे लागलं. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून. त्याखालोखाल मद्रासहून आणि सगळ्यात कमी मुंबईहून. बंदरातल्या पायऱ्या चढून त्यांनी या देशात पाऊल टाकलं. त्या पायऱ्या आजही आहेत. 2006 मध्ये ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. योगायोग असा की त्याच 1834 च्या डिसेंबरात डब्लिन ते आमचं गाव, तेव्हाचं किंग्सटाउन, ही आयर्लंडमधली पहिली रेल्वे धावली. त्याच मार्गावरून मी रोज डार्टने ऑफिसला जातो. गेली नऊ वर्षं जातोय, पण 1834 हे साल आता डोक्यात वेगळं वाजतं.

आता खरं काम. या सगळ्या मजुरांची नोंद झालेली आहे आणि ती दफ्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, जहाज. 1860 च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा. काहींच्या नावापुढे पुढचे शेरे, परत गेला किंवा वारला.

वाचून मी हुरळून गेलो होतो. डेटाबेस आहे म्हटल्यावर इंजिनिअरला वाटतं, क्वेरी टाकली की उत्तर. पण तसं नाही. एक तर हा शोध मुळात तिथल्या वंशजांसाठी सोयीचा आहे. त्यांना पूर्वजाचा क्रमांक घरच्या कागदपत्रांतून मिळतो, त्यावरून ते गावापर्यंत मागे जातात. आम्हाला उलट्या दिशेने जायचंय. दुसरं म्हणजे त्यात आडनावं नाहीत. आमच्या काकांचं नाव इतकं साधं आहे की त्या काळी कोकणातल्या दर वाडीत त्या नावाचे दोघे तरी असतील. तिसरं, स्पेलिंग. साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. रत्नागिरीचंच त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर 'रटनागेरी' होतं, तर आमच्या वाडीचं काय झालं असेल! मी आणि बाबांनी मिळून नावाची अकरा आणि वाडीची सतरा स्पेलिंगं काढली आहेत. बाबा फोनवर वाडीचं नाव वेगवेगळ्या पद्धतीने उच्चारतात. कोकणी माणूस घाबरून बोलला तर कसं, थकून बोलला तर कसं. मी साहेब होऊन लिहून घेतो. गेल्या काही वर्षांत आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो.

तिथल्या मराठी घरांची आडनावंही गंमतीची आहेत. बाबाजी, बाळाजी, भिवाजी. पहिल्या आलेल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणजे आमचे काका पोचले असतील आणि त्यांना मुलंबाळं झाली असतील, तर त्यांचं साधंसुधं नाव आज कुणाच्या तरी दारावरच्या पाटीवर असेल.

बाबांनी फार अपेक्षा ठेवू नये म्हणून मी त्यांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे. तिथली मराठी माणसं आपल्याशी मराठीत गप्पा मारतील असं धरून चालू नका. घरात, बाजारात क्रिओल चालते, वर्तमानपत्रं फ्रेंच, सरकारी कामकाज इंग्रजी. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, आरत्या, भजनं पाठ असतात, आपल्याकडचा जाखडी नाच 'झाकरी' नावाने टिकला आहे. मोक्याला 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. पण पाच-सहा पिढ्या गेल्या आहेत. बाबा म्हणाले, "तुझी मुलगी तरी कुठे मराठीत उत्तर देते?" यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, हे आमच्या घरातलं रोजचंच आहे.

शेवटच्या तीन रात्री कात्र बोर्नला. हे मधल्या भागातलं गाव, मोक्यापासून जवळ. पोर्ट लुईहून क्यूरपिपपर्यंत जाणारी मेट्रो इथून जाते. ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे. तक्त्यात या तीन दिवसांपुढे काहीही लिहिलेलं नाही. इन्स्टिट्यूटला पत्र आताच पाठवलं आहे. पश्चिमेला असतानाच एक दिवस मोक्याला जाऊन समक्ष अर्ज द्यायचा आणि उत्तरासाठी हे तीन दिवस मोकळे ठेवायचे. काही सापडलं तर त्याच्या मागे जायला वेळ हवा. नाही सापडलं तर बाजारात हिंडायचं, डाळपुरी खायची. ही तिथली डाळपुरी म्हणजे गुळाविना पुरणपोळी, आणि फालुद्याचा भाऊ म्हणजे अलुडा.

या तीन मोकळ्या दिवसांवरून आमच्याकडे थोडी कुरकुर झाली. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे घालून जातोय तर रॉड्रिग्ज बेट करून येऊ, दीड तासाचं तर विमान आहे. बरोबर आहे तिचं. रॉड्रिग्ज सोडायचं मलाही जिवावर आलं. पण सहलीत सगळ्या जागा भरून टाकल्या की ज्याच्यासाठी गेलो त्यालाच जागा राहत नाही. तिने शेवटी कबूल केलं, एका अटीवर. पुढच्या वेळी बेत ती आखणार, आणि त्यात एकही दफ्तरखाना असणार नाही.

काही सापडेलच असं मी धरलेलं नाही. बहुधा सापडणार नाही. अठ्ठावीस स्पेलिंगं, एक अंदाजे दशक आणि एक नाव, एवढ्या भांडवलावर कुणी शोध लावत नाही. बाबांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाटावर पाणी असतं ना?"

"बंदरच आहे. पाणी असणारच."

"मग झालं," ते म्हणाले. "तिथी नाही मिळाली तर तिथे उभं राहून त्यांना सांगेन, की आम्ही येऊन गेलो."

त्यांना गावच्या अंगणातली मूठभर माती आणि घरचा एक नारळ बरोबर न्यायचा होता. माती, रोपं, फळं असलं काही तिथे परवानगीशिवाय नेता येत नाही, तेव्हा दोन्ही नाहीत. तक्त्याच्या 'सोबत न्यायच्या वस्तू' या पानावर मी त्या दोन ओळी खोडल्या. काल पाहिलं तर बाबांनी खाली स्वतः एक ओळ घातली होती. फोनवर मराठी टाइप करायला ते गेल्याच महिन्यात शिकले आहेत. लिहिलं होतं, 'आपल्या आरतीचं पुस्तक, दोन प्रती. एक ठेवून यायची.'

तिकिटं काढली आहेत. इन्स्टिट्यूटचं उत्तर अजून यायचंय.